भीती कुणापासून

"भीती कुणापासून?" टाइपरायटरवरची बोटं उचलून रामहरीनं विचारलं.

सुंदरम्माला वाटलं, प्रश्न लेकाला आहे. तिनं लेकाकडे पाहिलं. लेक घड्याळाकडे पाहत होता. रामहरी मात्र दोघांकडे आळीपाळीनं बघत राहिला. कलेक्टर कचेरीसमोरच्या कडुलिंबाखाली बसून लोकांचे अर्ज लिहिण्यात त्याची उभी हयात गेली होती आणि घाई कशाशी खातात हे त्याला ठाऊक नव्हतं.

"अक्का, तुमाला इचारतुय. बंदूक पाहिजे. का पाहिजे, तर जिवाला भीती हाय. हितवर लिवलं. आता फुडं. भीती कुणापासून?"

"कुणापासून म्हंजे? कुणापासूनच न्हाई की," सुंदरम्मा म्हणाली.

"मग सरकार म्हनतंय, बंदूक कशाला?"

हे बोलणं बिनतोड होतं. सुंदरम्माला ते पटलंसुद्धा, आणि ती पदर सावरून उठायला लागली. पण गुरप्पानं खांद्याला धरून तिला पुन्हा बाकावर बसवलं.

गुरप्पा सात वर्षांनी अमेरिकेहून आला होता. तिकडे टेक्सासात तो तेलाच्या कुठल्याशा कंपनीत इंजिनियर होता. तिथे मला सगळे गॅरी म्हणतात, असं त्यानं सांगितलं तेव्हा सुंदरम्मा तोंडाला पदर लावून खूप हसली होती. गुरूचं नाव म्हणून आज्यानं हौसेनं ठेवलेलं, आणि त्याचं झालं काय तर गॅरी. पण लेक सातासमुद्रापलीकडून आला होता, अंगानं भरला होता, हातरुमालानं हात पुसत होता, त्यामुळे ती त्यालाही कौतुकच म्हणाली.

आल्या आल्या तो घराभोवती एक चक्कर मारून आला आणि म्हणाला, "अव्वा, तू इथं एकटी राहतेस?"

हा प्रश्न त्याला सात वर्षांतल्या कुठल्याही पत्रात विचारता आला असता. निदान दोन वर्षांपूर्वी, बाप गेल्याची तार पोचली तेव्हा तरी. पण माणसाला डोळ्यांनी पाहिल्याशिवाय काळजी सुचत नाही, हे आपण समजून घेऊ.

घर होतंच तसं. होटगी रस्त्याला, शहर संपून ज्वारीची रानं सुरू झाल्यावर, एकटंच. सुंदरम्माचा नवरा मडिवाळप्पा, ज्याला सगळं गाव आण्णा म्हणायचं, तो भुसार मालाचा व्यापारी. जागा स्वस्त मिळाली म्हणून त्यानं तिथं घर बांधलं. "चार वर्सांत गाव आपल्या दारात येतंय बघ," असं तो छाती ठोकून सांगायचा. गाव काही आलं नाही. आण्णा मात्र गेला.

आण्णाकडे एक बंदूक होती. मैंदर्गीच्या शेतावर मजुरी वाटायला पैसे घेऊन जावं लागे, त्यासाठी त्यानं परवाना काढला होता. त्या बंदुकीनं उभ्या जन्मात कुणी मेलं नाही. कणसावर बसलेले राघू उडवायला आण्णा वर्षातून एकदोनदा बार काढायचा, आणि राघू उडून शेजारच्या रानात बसायचे. आण्णाच्या दिवसकार्याला आलेली माणसं पांगली न पांगली तोच पोलीस आला आणि बंदूक घेऊन गेला. परवाना माणसाच्या नावावर असतो. माणूस गेला की तोही जातो. सुंदरम्माला त्याचं काही वाटलं नाही. घरातली एक अडगळ गेली, असंच तिला वाटलं.

आता तीच बंदूक आईच्या नावावर करून घ्यायची, असं गुरप्पानं मनावर घेतलं. "चल माझ्याबरोबर," असं तो म्हणाला असता तर ती गेली नसती. पण तो म्हणालाही नाही. हे तिच्या मनाला लागलं होतं, आणि ते लागलं आहे हे ती स्वतःलाही कळू देत नव्हती.

खरं सांगायचं तर सुंदरम्माला बंदूक नको होती. तिला कचेरीचे हेलपाटे हवे होते. आल्यापासून लेक एक तर झोपलेला असायचा, नाही तर मित्रांत. पण बंदुकीचं हे काम निघाल्यापासून तो रोज सकाळी तिच्या शेजारी टांग्यात बसत होता. आज या टेबलाशी, उद्या त्या साहेबाकडे, मध्येच उसाचा रस. उन्हात तो तिच्या डोक्यावर छत्री धरायचा. एवढं सुख तिला गेल्या कित्येक वर्षांत मिळालं नव्हतं, आणि ते लवकर संपू नये म्हणून तिनं बंदूकच काय, तोफ मागणारा अर्जही दिला असता.

"तिकडं कसं असतंय हो सायेब?" रामहरीनं गुरप्पाला विचारलं. त्याला खरोखरच जाणून घ्यायचं होतं.

"तिकडं सोपं आहे. मी माझी घेतली ती दुकानातून. गवत कापायची यंत्रं, मासे धरायच्या काठ्या, त्याच्याच शेजारच्या कपाटात बंदुका. गाडी चालवायचा परवाना दाखवला, एक कागद भरला, पैसे दिले, बाहेर आलो."

"भीती कुणाची ते इचारलं न्हाई?"

"ते विचारायचा त्यांना काय अधिकार? माझं घर, माझा जीव."

रामहरीनं चष्मा काढून धोतरानं पुसला. "आन् समजा कुणावर झाडली तर?"

"घरात शिरलेल्यावर झाडली तर फारसं कुणी विचारत नाही. आमच्या गल्लीतल्या एकानं झाडली. पोलीस आले, लिहून घेतलं, गेले. दुसऱ्या दिवशी माणूस कामावर. आता येताना लंडनला उतरलो होतो, तिथं उलटंच. तिथं साध्या पोलिसाच्या कमरेलासुद्धा पिस्तूल नसतं."

"म्हंजे जसा देस तसा जीव," रामहरी म्हणाला. "हितं लई इचारत्यात, सायेब. झाडायच्या आदी बी इचारत्यात आन् झाडल्यावर बी इचारत्यात. म्हनून म्हनतो, नाव लागतंय. नुसती भीती चालत न्हाई. अक्का, तुमच्या घराकडं येतंय-जातंय कोण, ते तर सांगा."

"कोण येणार? सकाळी दूधवाली. आन् दिवस बुडायला भिमा."

"भिमा कोण?"

"सेटलमेंटातला. माझा राखणदार."

सेटलमेंटातला म्हटल्यावर रामहरीची बोटं यंत्रावर आपोआप टेकली आणि मग थांबली. सोलापुरात त्या शब्दाचा अर्थ सांगावा लागत नाही. इंग्रजांनी काही जातींच्या जातीच जन्मानं चोर ठरवल्या आणि काटेरी तारेच्या आत वसवल्या. स्वातंत्र्यानंतर तार निघाली. शब्द मात्र राहिला, आणि शहरात कुठे तांब्या हरवला तरी पोलिसाची सायकल आधी तिकडेच वळायची.

"झालं तर मग. तेच लिहा," गुरप्पा म्हणाला.

"अरं, तो राखणीला येतोय," सुंदरम्मा म्हणाली. "त्याच्यापासून कसली भीती?"

"अव्वा, नुसतं नाव आहे. फॉर्ममध्ये एक जागा रिकामी आहे, ती भरायची. कोण वाचतंय?"

"हितं वाचत्यात, सायेब," रामहरी हळूच म्हणाला.

"मला संक्रांत झाली की निघायचंय. आज अर्ज नाही गेला तर हे सगळं फुकट. अव्वा, मी तिथं रात्रीचा जागा असतो गं तुझ्या काळजीनं. माझ्यासाठी एवढं कर."

सुंदरम्मा लेकाकडे बघत राहिली. आपल्यासाठी कुणी जागं असतं, हे तिला कुणी सांगितलंच नव्हतं. ती रामहरीकडे वळली आणि म्हणाली, "लिव्हा."

खाली तिनं कानडीत सही केली. साक्षीदार म्हणून गुरप्पानं इंग्रजीत केली. मग दोघांनी उसाचा रस प्यायला.

भिमाला राखणीला आण्णानंच ठेवलं होतं. त्या भागात ती जुनी रीत होती. ज्यांच्या भीतीनं लोक दाराला कड्या घालत, त्यांच्यातलाच एक माणूस राखणदार ठेवायचा. महिन्याला ठरलेले जोंधळे, रोज संध्याकाळी भाकरी-कालवण, दिवाळीला घोंगडं. एकदा त्यानं राखण घेतली की त्या घराला त्याच्या जातीतलाच काय, कुठलाही चोर हात लावत नसे, आणि चुकून काही गेलं तर ते परत आणून देणं ही राखणदाराची जबाबदारी. कागद नाही, शिक्का नाही, नुसता शब्द. आण्णा गेल्यावर भिमानं तो शब्द तसाच पुढे चालवला. रोज दिवस बुडायला यायचा, ओट्याच्या खालच्या पायरीवर बसून भाकरी खायचा आणि रात्रभर मधूनमधून खाकरत घराभोवती फिरायचा. त्याच्या खाकरण्यावर सुंदरम्माला झोप लागायची. सकाळची दूधवाली सोडली तर दिवसाकाठी तिच्याशी चार वाक्यं बोलणारा तो एकटाच माणूस होता, हे तिनं कुणाला सांगितलं नव्हतं, कारण सांगायला दुसरं होतं कोण?

त्या संध्याकाळी भिमा आला तेव्हा तिनं त्याला भाकरीबरोबर शेंगदाण्याची पोळी वाढली.

"आज काय सण हाय, अक्का?"

"सण कशाला पाहिजे? लेक आलाय."

भिमानं पोळी कपाळाला लावली. दारात उभ्या गुरप्पाला तो म्हणाला, "मालक, तकडं गेलात की अक्काची काळजी करू नगा. मी हाय तवर हितं पान हलनार न्हाई."

गुरप्पा बरं म्हणाला आणि आत गेला. सुंदरम्माच्या ओठांवर आलं होतं की बाबा, आज कचेरीत तुझं नाव घेतलंय, नुसतं नावाला घेतलंय. पण ते सांगायचं कसं, हे तिला सुचेना. मग तिनं त्याला अजून थोडं तूप वाढलं.

गड्ड्याची यात्रा तोंडावर आली. सिद्धेश्वराच्या तळ्याकाठी पाळणे उभे राहिले, दुकानं लागली आणि शहरात माणसांचा पूर लोटला. भिमा यायचा बंद झाला. पहिल्या दिवशी तिला वाटलं, बायकोला घेऊन गड्ड्यावर गेला असेल. दुसऱ्या दिवशी तिनं त्याची भाकरी झाकून ठेवली आणि सकाळी दारावर आलेल्या गाईला घातली.

संक्रांतीच्या आदल्या दिवशी हवालदार आला. गुरप्पा अमेरिकेतल्या मित्रांसाठी चादरी आणायला गेला होता. हवालदारानं ओट्यावर बसून टोपी मांडीवर ठेवली. माणूस वाईट नव्हता. त्याच्या आवाजात आदर होता.

"माय, तुमचा अर्ज आलाय चौकशीला. आता निवांत झोपा. तो भिमा आत हाय."

सुंदरम्मानं चहाची कपबशी त्याच्यापुढे ठेवली. "आत म्हंजे?"

"गड्ड्याच्या आदी आमी सेटलमेंटातल्या समद्यांनाच आनतो. चार दिस ठिवतो, यात्रा पांगली की सोडतो. पर तुमच्या अर्जात ह्याचं नाव निगालं, तवा सायेब म्हनले, ह्याला ठिवा. रस्त्याकडंला दोन घरफोड्या झाल्यात, ते बी ह्याच्याकडूनच निगंल."

"अवो, पर तो माझा राखणदार हाय. लई चांगला मानूस हाय."

"मग अर्जात कसं?"

ती ओट्याच्या खालच्या पायरीकडे बघत राहिली.

"अर्ज खोटा हाय का, माय?" हवालदारानं अगदी साधेपणानं विचारलं. "असंल तर तसं लिवून द्या. त्याला सोडू. मग तुमाला आन् साक्षीदाराला चौकीत यावं लागंल. साक्षीदार कोण?" त्यानं कागद डोळ्यांजवळ नेला. "गुरप्पा. तुमचा लेक न्हवं? बाहेरदेसी ऱ्हातो. मग सायेब त्याचा पासपोरट ठिवून घ्येतील, चौकशी हुईपत्तर. खोटी साक्ष म्हंजे तसं वंगाळच."

आतल्या खोलीत गुरप्पाची बॅग अर्धी भरलेली उघडी पडली होती. दारातून ती दिसत होती. सुंदरम्मानं एकदा तिच्याकडे पाहिलं, एकदा हवालदाराकडे. एका बाजूला पोटचा लेक, दुसऱ्या बाजूला पायरीवर बसून भाकरी खाणारा माणूस. आईला यात निवड करायला वेळ लागत नाही, असं लोक म्हणतात. तिला लागला. चहावर साय धरली इतका वेळ लागला.

"चहा घ्या, गार होतोय," ती म्हणाली.

हवालदारानं ते उत्तर समजून घेतलं. चहा संपवला, कागद घडी करून खिशात घातला आणि सायकलवर टांग टाकून गेला. सुंदरम्माला स्वतःची लाज वाटली. असली लाज तिला या वयापर्यंत कधी वाटली नव्हती, त्यामुळे तिचं काय करायचं हे तिला माहीत नव्हतं. लेक चादरी घेऊन आला, तेव्हा ती त्याला तिळगुळाचे लाडू डब्यात भरून देत होती. तिनं त्याला काही सांगितलं नाही.

स्टेशनवर गुरप्पानं तिला वाकून नमस्कार केला. "आता मला घोर नाही, अव्वा," तो म्हणाला. गाडी हलल्यावर तो बराच वेळ दारात उभा राहून हात हलवत होता.

दुसऱ्याच दिवशी ती चौकीत गेली. तिथे तिला खुर्ची दिली, पाणी विचारलं. "गड्डा पांगू द्या, सोडतो," असं सांगितलं. गड्डा पांगला. ती पुन्हा गेली. तेव्हा खुर्ची दिली नाही. "तुमच्याच भल्यासाटी चाललंय सगळं," साहेब म्हणाले आणि दुसरं काम काढून बसले. मग ती रामहरीकडे गेली.

"नाव काढता येतंय का रं, रामहरी?"

"अर्ज मागं घेता येतोय, अक्का. बंदूक आली तर ती परत देता येतीय. पर एकदा चडलेलं नाव निगत न्हाई. आमी बी शाईच लावतो, खोडायचं आमच्याकडं काय न्हाई."

शिमग्याच्या सुमाराला परवाना आला. रामहरीला नवल वाटलं. असले अर्ज वर्ष वर्ष पडून राहतात. पण हा अर्ज पक्का होता. भीती होती, भीतीचं नाव होतं, आणि त्या नावाचा माणूस कोठडीत होता. सरकारला आणखी काय पाहिजे?

बंदूक देताना हवालदारानं तिला नियम सांगितले. "कुलपात ठिवायची. घर रिकामं टाकून रातीचं परगावी जायचं न्हाई. चोरीला गेली तर तुमी जबाबदार. आन् झाडायची कवा, तर जिवावरच बेतलं आन् दुसरी वाटच न्हाई तवा. पळत्यावर न्हाई. पाठमोऱ्यावर तर न्हाईच. गरज असंल तेवडंच. जास्त झालं तर तुमीच आत."

"अंदारात पाठ कुटली आन् पोट कुटलं, कसं कळायचं?" सुंदरम्मानं विचारलं.

"ते कोरट ठरवतंय, माय."

तिनं बंदूक आण्णाच्या कोटांबरोबर ट्रंकेत घातली आणि ट्रंकेला कुलूप लावलं. ट्रंक असलेल्या खोलीला कुलूप लावलं. मग बाहेरच्या दारालाही दिवसाउजेडी कडी घालायची सवय लागली. दूधवाली आधी थेट चुलीपाशी येऊन बसायची, गप्पा मारायची. आता ती बाहेरूनच हाक मारून दूध ओतायला लागली. "बंदुकीचं घर हाय बाई," ती म्हणायची. मैंदर्गीला सुंदरम्माची बहीण काशम्मा होती. तिच्या नातीचं लग्न निघालं, दोनदा निरोप आला. सुंदरम्मा गेली नाही. रात्री घर टाकून जायचं कसं? जी वस्तू तिची राखण करायला आणली, तिचीच राखण करत ती बसली. आण्णा असता तर त्याला यावर हसू आलं असतं. तिला येत नव्हतं.

चैत्र सरत आला तेव्हा सेटलमेंटातली एक म्हातारी घर झाडायचे फडे विकायला आली. तिच्याकडून कळलं की भिमा सुटून महिना झाला. घरफोड्यांतलं काही त्याच्यावर लागलं नाही.

तो येईल म्हणून सुंदरम्मानं आठवडाभर वाट पाहिली. रोज एक भाकरी जास्त थापली. मग एका दुपारी तिनं पौषापासूनचे राखणीचे जोंधळे मापून आण्णाच्या जुन्या धोतरात बांधले, घराला कुलूप घातलं आणि टांगा केला. टांगेवाल्यानं तिला सेटलमेंटाच्या अलीकडेच उतरवलं. आत यायला तो तयार नव्हता. एका पोराला हाक मारून त्यानं गाठोडं भिमाच्या दारापर्यंत पोचवलं आणि तो निघून गेला.

भिमाची बायको सारजा दारात शिंदीच्या पात्या सोलत बसली होती. भिमा बाजेवर होता. सुंदरम्माला पाहून तो उठून उभा राहिला आणि त्यानं हात जोडले. उजवा हात नीट जुळला नाही. मनगटाच्या वर तो वाकडा बसला होता.

"बसा, अक्का," तो म्हणाला आणि तिला बाज मोकळी करून दिली.

सुंदरम्मा बसली. काय बोलायचं ते तिनं टांग्यात ठरवलं होतं, पण तो हात पाहिल्यावर सगळं विसरलं. सारजानं पाती खाली ठेवली.

"नाव तुमी सांगितलं, का लिवनाऱ्यानं घातलं?" तिनं विचारलं.

"मी सांगितलं," सुंदरम्मा म्हणाली.

सारजानं मान हलवली. जणू एवढंच तिला हवं होतं. ती पुन्हा पाती सोलायला लागली. ऊन रणरणत होतं. सुंदरम्माच्या घशाला कोरड पडली.

"पानी दे गं मला," ती म्हणाली.

सारजाचे हात थांबले. तिनं सुंदरम्माच्या गळ्यातल्या इष्टलिंगाकडे पाहिलं, मग नवऱ्याकडे. सुंदरम्मानं जन्मात आपल्या माणसांबाहेर कुणाकडे पाणी घेतलं नव्हतं, हे तिघांनाही माहीत होतं. "पानी आमी कुनाला न्हाई म्हनत न्हाई," असं म्हणून सारजानं आतून तांब्या आणला. सुंदरम्मानं तो तोंडाला लावून सगळा संपवला.

"भिमा, येत जा बाबा परत," ती म्हणाली. "मला ऱ्हावत न्हाई रं तितं एकटीला. झोप लागत न्हाई. मी चुकले."

"तुमचा राग न्हाई, अक्का. लेकासाटी केलं तुमी. मी बी केलं असतं."

"मग ये की."

"कसा येऊ? आता मी दिवस बुडल्यावर तुमच्या दारात आलो तर मी राखनदार न्हाई. कागदावर मी चोर हाय. तुमी माज्यावर झाडली तरी सरकार तुमालाच बरोबर म्हनंल."

"मी झाडीन का रं तुझ्यावर?"

"तुमी न्हाई झाडायच्या. पर दुसरं कुनी आलं आन् घर फुटलं, तर आनत्याल कुनाला?"

शेजारच्या झोपडीत कुणी तरी लेकराला झोपवत होतं.

"मी बंदूक परत देते."

"द्या. पर नाव तितंच ऱ्हातंय. चौकीत सांगितलंय मला, होटगी रस्त्याला दिसला तर दुसरा हात."

सुंदरम्मा रडली. भिमा आणि सारजा तिला रडू देत बसून राहिले. कुणी तिची समजूत घातली नाही आणि कुणी तिला जा म्हणालं नाही. डोळे पुसून तिनं गाठोडं पुढे सरकवलं. "एवडं तरी ठिवून घे. पौषापासूनचं हाय."

"राखन केली न्हाई, तर जोंधळं कशाचं?" सारजा म्हणाली. तिच्या बोलण्यात राग नव्हता. "मागच्या मार्गशीर्षापत्तर तुमचं-आमचं फिटलंय, अक्का."

सुंदरम्मानं भिमाकडे पाहिलं. त्यानं मान खाली घातली. बायकोचं म्हणणं त्यालाही मान्य होतं.

आता टांगा नव्हता. मुख्य रस्त्यापर्यंत गेल्यावर मिळेल म्हणून तिनं पदराची चुंबळ करून डोक्यावर ठेवली. मैंदर्गीला लहानपणी तिनं रानातून ओझी आणली होती. ती सवय मान विसरली नव्हती. गाठोडं उचलायला एका बाजूनं सारजा लागली, दुसऱ्या बाजूनं भिमानं डावा हात लावला. दोघांनी मिळून ते तिच्या डोक्यावर ठेवलं, नीट बसलंय का पाहिलं आणि हात काढले. सेटलमेंटाच्या शेवटच्या घरापर्यंत भिमा तिच्या मागे चालत आला. तिथे तो थांबला.

रस्त्याला टांगा मिळाला नाही. एक आला तो सवाऱ्यांनी भरलेला होता. मग ती चालतच निघाली. शहर मागे पडलं, दोन्ही बाजूंना कापणी झालेली रानं लागली. उन्हं उतरली तशी वाट बरी वाटायला लागली, पण मान भरून आली होती आणि गुडघे बोलत होते. एका हातानं गाठोडं धरून तिनं फाटक लोटलं आणि अंगणात येऊन उभी राहिली.

ओझं डोक्यावर चढवायला जसा दुसरा हात लागतो, तसा उतरवायलाही लागतो. एकटीला ते खाली टाकता येतं, उतरवता येत नाही. आणि धान्य आपटू नये, हे तिला कळायला लागल्यापासून ठाऊक होतं. ओटा कमरेइतका असता तर पाठ लावून तिनं ते सरकवलं असतं, पण आण्णानं ओटा बसका बांधला होता.

ती रस्त्याकडे तोंड करून उभी राहिली. लांबून एक सायकलवाला आला आणि मान वर न करता निघून गेला. "अवो," ती म्हणाली, पण तेवढ्यात तो पुढे गेला होता. दोन्ही हातांनी गाठोडं धरून, मान ताठ ठेवून, कुणी येतंय का बघत ती दिवस मावळेपर्यंत तिथेच उभी होती.